टाकी रिकामी कुणी केली?

आमच्या सांगलीत पेट्रोल महाग झालं की लोक चिडतात, पंपावरच्या पोरावर ओरडतात आणि मुकाट्यानं टाकी भरतात. डहाणूला तसं नाही. तिथं पेट्रोल महाग झालं की लोक राज्य बदलतात.

म्हणजे गाडी काढतात, तलासरीच्या पुढं गुजरातची हद्द आहे ती ओलांडतात, तिकडच्या पंपावर टाकी भरतात आणि जेवायला घरी परत येतात. तिकडं भाव कमी. हे मला माझ्या दाजींनी, म्हणजे थोरल्या बहिणीच्या नवऱ्यानं, मी स्टेशनातून बाहेर पडते न पडते तोच सांगितलं. प्रवास कसा झाला हे त्यांनी नंतर विचारलं.

दाजींची डहाणूत चिकूची वाडी आहे. त्या वाडीत रमण नावाचा गडी कितीतरी वर्षं काम करतो. त्याच्या मुलीचं, सुनीताचं, वेवजीला लग्न होतं आणि त्यासाठीच मी गेले होते. ताईचा गुडघा दुखत होता, ती येणार नव्हती. तिच्या वतीनं मी. लग्नाबद्दल पुढं सांगते, आधी दाजींची पद्धत सांगते, कारण सगळं रामायण तिच्यातून झालं.

दाजी इकडच्या पंपावर पाऊल टाकत नाहीत. टाकी अगदी तळाला जाईपर्यंत गाडी चालवायची, मग हद्दीपलीकडं जाऊन काठोकाठ भरायची. टाकीत आधीच पेट्रोल असेल तर तिकडचं स्वस्त पेट्रोल मावणार कुठं, हा त्यांचा सवाल. त्यामुळं काटा लाल रेषेवर टेकला की माणसं घाबरतात, दाजी खुलतात. "झाली वेळ," म्हणतात, आणि गल्लीत बातमी पसरते की शेटची गाडी पलीकडं जाणार.

चिंचणी

पहिल्या दिवशी मला समुद्र बघायचा होता. सांगलीच्या बाईला कृष्णेचा पूर माहीत, समुद्र नाही. दाजींनी काट्याकडं बघितलं, मनात काहीतरी हिशेब केला आणि म्हणाले, "चिंचणी चालेल. तेवढं आहे."

एप्रिलचं ऊन होतं. डहाणूची गरमी आमच्यासारखी कोरडी नाही. ती अंगाला चिकटते आणि सोडत नाही. मी गाडीत बसल्या बसल्या एसी लावायला सांगितला. दाजींनी फक्त एक उसासा टाकला. मी तो उसासा त्यांच्या वयावर टाकला.

चिंचणीच्या किनाऱ्यावर बांबूंच्या आडव्या काठ्यांवर बोंबील वाळत घातले होते, तोंडात तोंड अडकवून, ओळीनं. आमच्याकडं शेवया अशा वाळत घालतात. वासाच्या बाबतीत मात्र शेवया फारच मागं पडतात. वाळवणाशेजारी एक मावशी टोपली घेऊन बसल्या होत्या. मी पापलेटचा भाव विचारला आणि ऐकून मागं सरले.

"एवढं?"

"बाय, डिझेल कुठं पोचलाय ता बघ. होडी काय पान्यावर चालते?"

"पाण्यावरच तर चालते की," मी म्हटलं.

मावशी इतक्या हसल्या की त्यांना टोपली खाली ठेवावी लागली. मग डोळे पुसत त्यांनी समुद्राकडं हात केला. "ते तिकडचे, दर्याच्या पल्याडचे, ते भांडतात. नि डिझेल आमचा वाढतो. आमी कोनाशी भांडलो गं?"

त्यांचा नवरा पलीकडं जाळं शिवत होता. तो मान वर न करता म्हणाला, "पल्याडचे कशाला, दिल्लीवाले बघ आधी." दाजींनी लगेच दुरुस्ती केली. त्यांच्या मते सगळा दोष मुंबईचा. मुंबईनं कर लावला नसता तर हद्दीच्या अलीकडं आणि पलीकडं एकच भाव राहिला असता. बोलताना त्यांचा चेहरा मात्र फार दुःखी दिसला नाही. एकच भाव राहिला असता तर ह्या माणसानं आयुष्यात केलं काय असतं?

तेवढ्यात तारापूरच्या कारखान्यातून पाळी संपवून आलेला एक तरुण मोटारसायकलवरून उतरला. त्यानं तिघांचंही म्हणणं मोडीत काढलं.

"अहो, पेट्रोल उरलंय कुठं? उसाचा माल घालतात त्याच्यात. गाडी ॲव्हरेज देत नाही ती त्याच्यामुळं. ते तिकडं सांगली-कोल्हापूरला ऊस लावून ठेवलाय ना ढिगानं, तो खपवायचा कुठं?"

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. माझ्या माहेरी ऊस, सासरी ऊस, लग्नात आहेर म्हणून सुद्धा गुळाच्या ढेपा. मी त्या पोराला उसाची बाजू चांगली तपशीलवार ऐकवली. तो निमूट ऐकून घेत होता, कारण मावशींनी त्याच्या पिशवीत अजून बोंबील घातले नव्हते. शेवटी उन्हानं माझं डोकं तापलं आणि मी गाडीत जाऊन बसले. दाजी मासळीचा भाव करत होते. त्यांचं आटपेपर्यंत मी गाडी चालू ठेवून एसीत बसून राहिले आणि काचेतून दुनियेला नावं ठेवत होते.

रात्री ताईनं ताजे बोंबील तळले. ते इतके मऊ निघाले की जिभेला काही कामच राहिलं नाही. असा पदार्थ आमच्याकडं नाही, हे मी तिथं कबूल केलं. उसाबद्दल मात्र माघार घेतली नाही.

उधव्याच्या रस्त्यावर

आता लग्नाबद्दल. सुनीता आणि तिचा नवरा नरेश बरीच वर्षं एकत्र राहतात, त्यांची मुलगी शाळेत जाते. लग्न तेवढं राहिलं होतं. जमेल तेव्हा करायचं, अशी रमणच्या आदिवासी समाजाची रीत. पाहुण्यांना त्यात काही वावगं वाटत नाही. आमच्या सांगलीत एवढ्यावर तीन गल्ल्या वर्षभर बोलत राहिल्या असत्या. इथं मुलगी आईबापाच्या लग्नासाठी नवा फ्रॉक घेऊन तयार होती.

ह्या लग्नाला भटजी नसतो. धवलेरी असते. धवलेरी म्हणजे लग्न गाणारी बाई. घराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं लग्नाचा चौक लिहितात. धवलेरीनं गाणं धरल्याशिवाय सवाशिणी भिंतीला हात लावत नाहीत. गाणं नाही तर चौक नाही, चौक नाही तर लग्न नाही. रमणच्या बायकोचं, जानीचं, लग्न उधव्याच्या लखमीआजींनी गायलं होतं. जानीनं आयुष्यात दाजींकडं एकच गोष्ट मागितली होती, की सुनीताचंही लखमीआजींनीच गावं. आजी आता फारशा कुठं जात नाहीत. पण जानीसाठी हो म्हणाल्या होत्या. त्यांना गाडीनं आणायचं काम दाजींनी घेतलं होतं.

लग्नाच्या दिवशी सकाळी निघताना काटा लाल रेषेच्याही खाली झोपला होता. दाजींचा बेत असा की आधी उधव्याहून आजींना घ्यायचं, तलासरीवरून वर हद्दीपलीकडं जाऊन टाकी भरायची आणि तसंच वेवजीला उतरायचं. "वाटेतच आहे," ते म्हणाले. डहाणूच्या माणसाला गुजरातचा पंप नेहमी वाटेतच असतो. निघायच्या आत गल्लीतून कामं येऊन पडली. एका काकूंना तिकडच्या बाजारातला फाफडा हवा होता, दुसरीला शिंप्याकडचा ब्लाऊज. पेट्रोलसाठी म्हणून नुसतं कुणी पलीकडं जात नाही, तसं केलं तर ते उधळपट्टीत मोडतं.

तलासरी सोडून उधव्याच्या रस्त्याला लागलो. डोंगर उन्हानं तपकिरी पडले होते आणि ताडांच्या शेंड्यांना मडकी लटकत होती. लखमीआजी अंगणात बोचकं घेऊन तयार बसल्या होत्या. ठेंगण्या, वाळलेल्या, कपाळावर गोंदण, आणि नजर अशी की मी नकळत पदर सारखा केला.

"बेस केला शेट, आलास," त्या म्हणाल्या. आवाज एवढ्याशा देहातून इतका भरदार निघाला की मी चमकलेच.

मानाची बाई म्हणून मी त्यांना पुढच्या सीटवर बसवलं आणि स्वतः मागं बसले. वर आणखी मान म्हणून एसीची झडप वळवून थेट त्यांच्या तोंडावर केली. "गार वाटतंय ना, आजी?" मी विचारलं.

"बेस," आजी म्हणाल्या आणि पदर तोंडावरून घट्ट गुंडाळून घेतला. मग काही बोलल्या नाहीत. मला वाटलं, गाडीची सवय नसेल, लाजल्या असतील.

उधव्यापासून थोडं पुढं एक चढ आहे. त्या चढावर गाडीनं दोन आचके दिले आणि ती थांबली. एसी बंद पडला. इतकी शांतता झाली की ताडावरच्या पाखरांचा आवाज आत आला.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही," दाजी म्हणाले. काही नाही, हे अक्षरशः खरं होतं. टाकीत काही नव्हतं.

मग आम्ही दोघांनी रस्त्याच्या कडेला उभं राहून जे केलं त्याची आता लाज वाटते. दाजी म्हणाले, चिंचणीची फेरी झाली नसती तर पेट्रोल पुरलं असतं. मी म्हटलं, तलासरीचा पंप डोळ्यांसमोरून गेला, तिथं चार थेंब घातले असते तर काय बिघडलं असतं? दाजी म्हणाले, मुंबईवाल्यांनी भाव चढवला म्हणून ही वेळ. मी दिल्लीवाल्यांना मध्ये आणलं, दाजींनी परदेशातली लढाई आणि डिझेल पिणाऱ्या होड्या काढल्या, मी होडीवाल्यांचा बचाव केला, दाजींनी ऊस काढला. ऊस काढल्यावर मी गप्प बसणं शक्यच नव्हतं. रणरणत्या उन्हात, रिकाम्या रस्त्यावर, एका थेंबाचीही भर न पडता आम्ही अख्ख्या जगाचं पेट्रोल उपसत होतो.

आजी शांतपणे गाडीतून उतरल्या. काहीतरी सांगायला त्यांनी तोंड उघडलं, आणि आवाजच आला नाही. नुसता खरखराट. त्यांनी गळ्याला हात लावला, पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तेच.

गाडी बंद पडली तर दुसरी मिळते. धवलेरीचा गळा बंद पडला तर काय करायचं?

चढाच्या वर एक कुडाचं दुकान होतं. तिथली देवकी नावाची बाई आमचा सगळा वाद आरामात ऐकत बसली होती. तिनं आजींना ओळखलं, बाकड्यावर बसवलं आणि न विचारता चूल पेटवली. गूळ आणि आल्याचा काळा चहा उकळायला ठेवला. दुकानाच्या खांबाला पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटलीत पिवळसर पेट्रोल लटकत होतं. एकच बाटली. दाजींनी भाव विचारला आणि त्यांचा चेहरा पडला. पंपापेक्षाही महाग.

"हे कुठलं पेट्रोल?"

"पल्याडचा. गुजरातचा."

"अगं, मग तिकडं तर स्वस्त आहे!"

"तिकडं स्वस्त हाय," देवकी म्हणाली. "पर आता इकडं आलाय ना."

तेवढ्यात दाजींचा फोन वाजला. जानी होती. रडवेल्या आवाजात एवढंच म्हणाली, की नरेशचे नातेवाईक गुजरातच्या बाजूचे, त्यांनी आपली एक धवलेरी आणून बसवलीय. सवाशिणी थांबल्यात. ऊन कललं तर ती गाणं धरणार, मग आजीला काय सांगू? आजी कुठं आहे? आजीला फोन दे.

दाजींनी आजींकडं बघितलं. आजींनी मान हलवून नको म्हटलं. दाजी फोनवर खोटंच बोलले, "निघालोय, जानी, वाटेतच आहोत." मग भाव न करता बाटली घेतली. त्या माणसाला भाव न करता काही घेताना मी पहिल्यांदाच बघत होते.

आजी दोन्ही हातांत भांडं धरून चहा पीत होत्या. घोट घेतला की डोळे मिटून नाकातल्या नाकात सूर लावायच्या. आधी नुसती हवा आली. मग काहीतरी घुमल्यासारखं. देवकीनं पुन्हा भांडं भरलं. मी घामानं निथळत समोर उभी होते आणि मनातल्या मनात देव पाण्यात घालून बसले होते. जानीचा आवाज कानातून जाईना. तिनं एकच मागणं मागितलं होतं.

मग तो सूर आला. हलका, पण सबंध.

"चला," आजी म्हणाल्या. माझ्याकडं बघून त्यांनी पुढचं हळूच सांगितलं, "पर बाय, तो वारा नको. त्या वाऱ्यानं गला बसला माझा."

मान म्हणून तोंडावर वळवलेली ती झडप माझ्या डोळ्यांसमोर आली. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. "आधी का नाही सांगितलं, आजी?"

"तू इतक्या मायेनं लावला. कसा नको म्हनू?" आणि पुढं म्हणाल्या, "पेट्रोल सरला ता बेस झाला. नायतर तो वारा वेवजीपर्यंत लागता."

काचा खाली केल्या. गरम वारा भपाभप तोंडावर येत होता, गाडीला बाटलीतल्या पेट्रोलचा वास सुटला होता, आणि आजी पुढच्या सीटवर मोकळेपणानं गुणगुणत होत्या. तलासरी आली. सरळ वर गेलं तर हद्द, डावीकडं वेवजी. हद्दीपर्यंत जाऊन यायचं म्हणजे ऊन कललंच. दाजींनी स्टिअरिंगवर बोटं वाजवली आणि गाडी तलासरीच्याच पंपात घातली.

पंपावरचा माणूस त्यांना ओळखत होता. नळी हातात घेऊन तो बघतच राहिला.

"शेट, रस्ता चुकले काय?"

"भर गुपचूप," दाजी म्हणाले.

वेवजी

जानी रस्त्यावर येऊन उभी होती. गाडी थांबायच्या आत तिनं दार उघडलं, आजींचे पाय धरले आणि मोठ्यानं रडली. आजींनी तिला उठवलं आणि त्या सरळ घरात गेल्या.

आत ती दुसरी धवलेरी बसली होती, जाडसर, हसऱ्या तोंडाची. नरेशचा एक मामा दाजींना म्हणाला, "काय शेट, पेट्रोल तुमाला आमच्या बाजूचा पायजे, नि धवलेरी तेवढी इकडची?" सगळे हसले. दाजी काय बोलणार? त्यांच्या टाकीत त्या घडीला आयुष्यात पहिल्यांदा महाराष्ट्राचं पेट्रोल भरलेलं होतं. त्या दुसऱ्या बाईनं मात्र आजींना बघितलं आणि लगेच सरकून जागा दिली.

आजींनी गाणं धरलं. आवाज स्वच्छ होता. गेरूनं सारवलेल्या भिंतीवर सवाशिणींचे हात चालू लागले, पांढरी रेघ उमटत गेली. दुसरी धवलेरी मागून साथ देत होती. सुनीताच्या मांडीला टेकून तिची मुलगी तोंड उघडं टाकून बघत होती. जानी दारात उभी राहून ओठ हलवत होती, तिला ते सगळं पाठ होतं. मला गाण्यातले शब्द फारसे कळले नाहीत. पण माझी नजर त्या भिंतीवरून हलेना. एका झडपेपायी हे सगळं हुकलं असतं.

चौक पुरा झाला. नाचणीची भाकरी आणि डाळभात झाला, ताडी फिरली, मला कुणीतरी ताडगोळे दिले. मग हळद सुरू झाली आणि थट्टेची गाणी निघाली. नवरदेवाची झाली, मामाची झाली. मग लखमीआजींनी माझ्याकडं एकदा बघितलं आणि नवी ओळ धरली. बायका मागून म्हणू लागल्या.

*कोनी गं प्याला, कोनी गं प्याला,*
*गाडीचा पेट्रोल कोनी गं प्याला?*
*दर्याच्या होडीनं? नाय गं नाय.*
*दिल्लीच्या राजानं? नाय गं नाय.*
*मुंबईच्या सायबानं? नाय गं नाय.*
*डहाणूचा शेट तो तहानेला मेला,*
*सांगलीच्या पाहुनीचा गार गार वारा,*
*त्यानं गं प्याला, गटागटा प्याला!*

सगळा मांडव खदखदला. चढावरच्या आमच्या भांडणातले आरोपी आजींनी ओळीनं उभे केले होते. आम्हीच एक सोडला होता, तो त्यांनी भरला. दाजी तर मांडवाच्या खांबाला धरून हसत होते. दोन दिवस उसाशांत अडकलेलं त्यांचं म्हणणं कुणीतरी सुरात मांडलं होतं. जानी हळदीचं ताट घेऊन आली आणि माझे दोन्ही गाल माखून टाकले. मी हसत होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि आजींचा आवाज शेवटच्या ओळीवर पुन्हा पुन्हा चढत होता. चढू दे म्हटलं. त्या गळ्यातून काहीही निघो, नुसतं निघो.

दुसऱ्या दिवशी आजींना उधव्याला सोडलं, काचा उघड्या ठेवून. काकूंचा फाफडा आणि ब्लाऊज राहिला तो राहिलाच. दाजींनी त्याचंही खापर मुंबईवर फोडलं.

परवा इथं सांगलीत पंपावर गेले तर भाव पुन्हा चढलेला. माझ्या पुढचा स्कूटरवाला दिल्लीला शिव्या देत होता, मागचा मुंबईला. एरवी मी दोघांना पुरून उरले असते, आणि त्या दोन्ही गावांना मी अजून निर्दोष सोडलेलं नाही. पण तोंडातून निघालं, "नाय गं नाय." दोघंही माझ्याकडं बघायला लागले. मी पेट्रोल घेतलं, गाडीच्या चारी काचा खाली केल्या आणि घामाघूम होऊन घरी आले.